त्या इंजेक्शनात काय होतं

2012 च्या सीझनला एसेंडन या मेलबर्नच्या फुटबॉल क्लबने अशी सुरुवात केली की इथे त्यांच्या लाल-काळ्या स्कार्फला एकदम भाव आला. पहिल्या नऊपैकी आठ मॅच जिंकल्या. कोच जेम्स हर्ड, म्हणजे याच क्लबचा माजी कॅप्टन, 2000 सालच्या विजेत्या टीमचा हिरो, लोकांच्या गळ्यातला ताईत. आणि मग टीम जी कोसळली ती कोसळलीच. कुणाचा हॅमस्ट्रिंग, कुणाची पोटरी, कुणाची मांडी, एकामागून एक पोरं लंगडत बाहेर. सीझन संपला तेव्हा 22 पैकी 11 जिंकलेल्या आणि नंबर अकरावा. पुढच्या वर्षी जे सगळं बाहेर आलं ते वाचताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं, की ज्या वर्षी या पोरांना रिकव्हरीच्या नावाखाली टोचणं चालू होतं त्याच वर्षी त्यांचे स्नायू असे भराभर जात होते. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाहीये, तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण फायदा झाला असंही कुणी दाखवू शकलेलं नाही.

मी मेलबर्नमध्ये नर्स आहे. फुटी मला वॉर्डमध्ये शिकायला मिळाली, पेशंट्सकडून, सोमवारी सकाळी कोण जिंकलं कोण हरलं या गप्पांमधून. भारतात असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल क्रिकेटच्याच मैदानावर खेळतात, बॉल लंबगोल, एका बाजूला 18 जण, चार क्वार्टर. बॉल हातात धरून पळता येतं पण फेकून पास देता येत नाही, लाथेने मारायचा नाहीतर मुठीने. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, एकेक जण मॅचमध्ये बारा-तेरा किलोमीटर पळतो आणि वर धडका खातो ते वेगळंच. मेलबर्नचे क्लब मूळचे एकेका उपनगराचे. एसेंडन हे उत्तरेकडच्या अशाच एका उपनगराचं नाव, क्लब 1870 च्या दशकातला, 16 विजेतेपदं नावावर. इथे नवीन माणसाची ओळख झाली की तू कुठल्या टीमचा हा प्रश्न नोकरीच्या आधी येतो, आणि एसेंडनवाली माणसं आजी-आजोबांपासून एसेंडनवाली असतात. त्यामुळे हे प्रकरण पेपरातल्या पानापुरतं कधी राहिलंच नाही, घराघरात शिरलं.

तर झालं असं. 2011 मध्ये हर्डच्या पहिल्याच वर्षी टीम फायनल्सपर्यंत (म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीपर्यंत) गेली आणि पहिल्याच मॅचला कार्लटनने त्यांना 62 पॉइंटनी धुतलं. आपली पोरं अंगानं कमी पडतात, असं सगळ्यांचं मत पडलं. मग हाय परफॉर्मन्स मॅनेजर म्हणून डीन रॉबिन्सनला आणलं आणि त्याच्याबरोबर नोव्हेंबर 2011 मध्ये स्टीफन डँक हा स्पोर्ट्स सायंटिस्ट आला. डँक डॉक्टर नव्हता. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे कारण पुढची बहुतेक इंजेक्शनं त्याच्या हातून दिली गेली.

फेब्रुवारी 2012 मध्ये खेळाडूंना बसवून प्रोग्रॅम समजावून सांगितला. सीनियर पोरांनी विचारलंसुद्धा, की हे सगळं नियमात बसतं ना, आणि कागद द्या म्हणाले. म्हणून कन्सेंट फॉर्म आले. 38 जणांनी सह्या केल्या. फॉर्मवर चार नावं होती, एओडी-9604, थायमोसिन, कोलोस्ट्रम आणि ट्रायब्युलस. एओडी आठवड्याला एक इंजेक्शन, सीझनभर. थायमोसिन आठवड्याला एक असं सहा आठवडे आणि नंतर महिन्याला एक. आणि खाली लिहिलेलं, की हे सगळं जागतिक डोपिंगविरोधी नियमांना धरून आहे.

आता मी रोज जे काम करते ते सांगते, म्हणजे हा फॉर्म बघून माझ्या पोटात का गोळा आला ते कळेल. वॉर्डमध्ये साधं रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली द्यायचं असलं तरी आधी डॉक्टरने औषध लिहिलेलं पाहिजे, पूर्ण नाव, डोस, कुठून द्यायचं, किती वाजता. मग मी पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारायची, हातातल्या पट्ट्याशी ताडून बघायची, ॲलर्जी विचारायची, एक्स्पायरी बघायची. शिरेतून द्यायचं किंवा कडक कंट्रोलमधलं औषध असेल तर दुसरी नर्स शेजारी उभी राहून सगळं परत वाचते आणि तीही सही करते. दिलं की लगेच वेळ टाकून सही. पेशंट नको म्हणाला तर त्याचीही नोंद, नाही घेतलं म्हणून. रात्री तीन वाजता, पाय दुखत असताना, डोळे मिटत असताना हे करायचंच असतं आणि कुणी करत नाही असं होत नाही, कारण उद्या त्या माणसाला काही झालं तर पहिला प्रश्न येणार, काय दिलं होतं? आणि त्याचं उत्तर कागदावर असावंच लागतं.

त्या फॉर्मवर नुसतं थायमोसिन लिहिलेलं. कुठलं थायमोसिन? त्या नावाची वेगवेगळी रसायनं आहेत. थायमोसिन बीटा-4 हे जखम भरून यायला मदत करतं असं मानतात आणि खेळाडूंसाठी ते बंदीच्या यादीत आहे. थायमोमॉड्युलिन नावाचं दुसरंच एक आहे, प्रतिकारशक्तीचं म्हणतात, त्यावर बंदी नाही. एका पत्रकाराशी बोलताना डँकने स्वतः बीटा-4 चं नाव घेतलं, आणि त्यावर बंदी आहे हे कळल्यावर नंतर सांगितलं की मला थायमोमॉड्युलिन म्हणायचं होतं. सगळं प्रकरण, कोर्टकचेऱ्या, 34 पोरांची करिअर, पुढची चार वर्षं या एका अर्धवट लिहिलेल्या नावाभोवती फिरली. आमच्याकडे असं अर्धं नाव लिहिलेली ऑर्डर आली तर कितीही ज्युनियर नर्स असली तरी ती औषध देत नाही, फोन उचलते आणि डॉक्टरला विचारते.

डॉक्टर होता ना क्लबला. ब्रूस रीड. तीसेक वर्षं त्याच क्लबचा डॉक्टर, सगळ्यांचा डॉक. त्याने जानेवारी 2012 मध्येच हर्डला आणि फुटबॉल विभागाच्या मॅनेजरला पत्र लिहिलं होतं, म्हणजे ही इंजेक्शनं जोरात सुरू व्हायच्या आधी. क्लबचा डॉक्टर म्हणून आत्ता माझ्यापुढे मूलभूत अडचणी आहेत, अशी सुरुवात. आपण कडेकडेने खेळतोय, हे पेपरात आलं तर क्लबसाठी फार वाईट दिसेल, आणि या औषधांचे लांबचे साइड इफेक्ट माहीत नाहीत, असा एकूण आशय. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात भाषणबाजी नाही. एक म्हातारा होत चाललेला डॉक्टर, ज्याला बाजूला सारून दुसऱ्याच लोकांनी औषधपाणी हातात घेतलंय, तो जमेल तितक्या नीट शब्दांत सांगतोय की थांबा. त्यानंतर नियम ठरले म्हणे, की रीडच्या परवानगीशिवाय काही द्यायचं नाही. नियम ठरला आणि त्याच्या बाजूने वाट काढून प्रोग्रॅम चालूच राहिला. कधी क्लबवर, कधी बाहेरच्या क्लिनिकमध्ये नेऊन. रीड 2020 मध्ये हे जग सोडून गेला. लीगने, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या एएफएलने, नंतर त्याच्यावरही आरोप ठेवले होते, तो मागे हटला नाही, वकील घेऊन उभा राहिला आणि आरोप मागे घ्यावे लागले. मला या सगळ्या गोष्टीत ज्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त वाटतं तो हाच.

आणि एक डेव्हिड झहराकिस. त्याने इंजेक्शन घेतलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही, त्याला सुया आवडत नव्हत्या, बस. नको म्हणाला आणि वाचला. बाकीचे 34 बंदीत अडकले तेव्हा हा 2016 मध्ये खेळत होता. याच्यावर मी बराच विचार केलाय. लोक म्हणतात, बघा, नाही म्हणता येत होतं की. हो, येत होतं. पण वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, ज्याने लहानपणापासून या एका क्लबच्या जर्सीचं स्वप्न बघितलं, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षाच्या शेवटी संपतंय, त्याला कोच, मॅनेजर, सायंटिस्ट सगळे एका सुरात सांगतायत की हे नियमात आहे, शेजारचा सही करतोय, कॅप्टन सही करतोय. आमच्या वॉर्डमध्ये पन्नाशीची शिकलेली माणसंसुद्धा पांढरा कोट दिसला की न वाचता सही करतात. त्या पोरांकडून आपण काय अपेक्षा करत होतो?

5 फेब्रुवारी 2013 ला क्लबने प्रेस कॉन्फरन्स घेतली. चेअरमन डेव्हिड इव्हान्स, सीईओ इयन रॉबसन आणि हर्ड, तिघं टेबलामागे, आणि आम्हीच आमची चौकशी करायला सांगतोय असं जाहीर केलं. दोन दिवसांनी कॅनबेरात मंत्र्यांनी क्राइम कमिशनचा रिपोर्ट मांडला, खेळातली ड्रग्ज आणि गुन्हेगारी टोळ्या यावरचा, आणि डोपिंगविरोधी संस्थेचा माजी प्रमुख म्हणाला की ऑस्ट्रेलियन खेळातला हा सगळ्यात काळा दिवस. मग धडाधड पडझड. मे मध्ये झिगी स्वितकोव्स्कीचा अहवाल आला, क्लबनेच मागवलेला, आणि त्यात लिहिलं होतं की क्लबमध्ये औषधांचे प्रयोग चालल्यासारखं वातावरण होतं, ज्यावर कधी नीट कंट्रोल नव्हता, ज्याला कुणी आव्हान दिलं नाही आणि ज्याची नोंद कुणी ठेवली नाही. रॉबसनने पद सोडलं, जुलैमध्ये इव्हान्सने. ऑगस्टमध्ये लीगने 20 लाख डॉलर दंड केला, खेळाचं नाव बदनाम केलं म्हणून, ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे, हक्क काढले, त्या वर्षीच्या फायनल्समधून बाहेर काढलं, हर्डला एक वर्षाची बंदी. त्या वर्षात हर्डला पगार चालू होता आणि तो फ्रान्समध्ये बिझनेस स्कूलला जाऊन आला. मला हर्डबद्दल द्वेष नाही, पुढे त्याचे फार वाईट दिवस आले, जीवावर बेतलं, ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण बंदीचा हा प्रकार आणि पुढे खेळाडूंच्या वाट्याला आलेला प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघा.

जून 2013 मध्ये कॅप्टन जोब वॉटसन टीव्हीवर आला आणि विचारल्यावर म्हणाला की हो, मला एओडी-9604 दिलं असं मला वाटतं. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की ते चालतं. एओडी हे मेलबर्नमध्येच तयार झालेलं, वजन कमी करायचं औषध म्हणून, ग्रोथ हार्मोनचा एक तुकडा, आणि ते औषध म्हणून कधी बाजारात आलंच नाही. एप्रिलमध्येच वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, स्पष्ट केलं होतं की माणसांसाठी मंजूर नसलेलं कुठलंही रसायन आपोआप बंदीत येतं. पण त्याआधी त्याबद्दल इतका गोंधळ होता की एओडीवरून शेवटी खेळाडूंवर आरोप ठेवलेच नाहीत. मुलाखतीनंतर पर्थला मॅच होती, तिथल्या प्रेक्षकांनी वॉटसनला बॉल मिळाला की हूट करायला सुरुवात केली. ज्याने खरं सांगितलं त्यालाच.

मग वकिलांची वर्षं. ती मी पटकन सांगते कारण त्यात कुणाचंच भलं झालं नाही. जून 2014 मध्ये 34 खेळाडूंना नोटिसा. क्लब आणि हर्ड फेडरल कोर्टात गेले, की लीग आणि असाडा (ही इथली डोपिंगविरोधी संस्था) यांनी मिळून चौकशी केली तीच बेकायदेशीर, हरले, हर्ड वरच्या कोर्टात गेला, तिथेही हरला. लॅबमध्ये कुणाचाही सँपल पॉझिटिव्ह आलेला नव्हता, सगळा मामला मेसेज, पावत्या, खोकी आणि साक्षींवर. जे दोघं पुरवठ्याबद्दल सांगू शकत होते ते ट्रायब्युनलसमोर आलेच नाहीत. 31 मार्च 2015 ला लीगच्या ट्रायब्युनलने सगळ्या 34 जणांना सोडलं, बीटा-4 च दिलं याची आमची पुरेशी खात्री पटत नाही म्हणून. त्या संध्याकाळी आमच्याकडे ॲडमिट असलेले एक आजोबा, पक्के एसेंडनवाले, टीव्हीसमोर लहान मुलासारखे रडले होते. मीही जरा वेळ त्यांच्याजवळ बसले.

असाडाने अपील केलं नाही. वाडाने केलं. केस गेली कॅसकडे, स्वित्झर्लंडच्या खेळ लवादाकडे, सुनावणी सिडनीत झाली आणि जानेवारी 2016 मध्ये निकाल आला, 34 च्या 34 दोषी, दोन वर्षं बंदी. मागची काही मुदत धरून बहुतेकांना 2016 चा पूर्ण सीझन घरी. ट्रायब्युनलने पुरावा साखळीसारखा बघितला होता, एक कडी तुटली की संपलं. वाडाचं म्हणणं असं की हे दोरखंडासारखं बघा, एकेक धागा कच्चा असेल, पण सगळे पीळ एकत्र बघा वजन पेलतात का. कॅसने ते मानलं.

निकालातला मला सगळ्यात लागलेला भाग वेगळाच आहे. डोपिंग टेस्टला सँपल देताना एक फॉर्म भरायचा असतो, गेल्या काही दिवसांत काय काय घेतलं ते लिहायचं. प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन, डोकेदुखीची गोळी, पोरं हे सगळं लिहायची. थायमोसिनचं इंजेक्शन कुणी लिहिलं नाही. आणि दुसरं, एकानेही डॉक रीडला जाऊन विचारलं नाही की हे काय देतायत आम्हाला. कॅसने हे त्यांच्याविरुद्ध धरलं. कायद्याने बरोबर असेल, खेळाडूच्या शरीरात जे जाईल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियम जगभर आहे आणि तो नसता तर प्रत्येक जण कोचकडे बोट दाखवून सुटला असता, तेही मला कळतं. त्या फॉर्मबद्दल मला आजही पोरांची बाजू नीट घेता येत नाही. कुणाला तरी आठवायला हवं होतं. पण दोन वर्षं? ज्यांनी प्रोग्रॅम आखला, पैसे दिले, बघून न बघितल्यासारखं केलं, त्यांच्यापेक्षा जास्त? डँकला तेवढी आजन्म बंदी लागली, लीगच्या ट्रायब्युनलने 2015 मध्येच लावली होती.

त्याच वर्षी, ऑगस्ट 2016 मध्ये, आपल्याकडे नरसिंग यादवचं झालं. तीन वेळा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिसात अधिकारी, रिओ ऑलिंपिकला पोचलेला. त्याच्या सँपलमध्ये स्टेरॉइड सापडलं, त्याचं म्हणणं कुणीतरी जेवणात मिसळलं, नाडाने, म्हणजे आपल्याकडच्या डोपिंगविरोधी संस्थेने, त्याला सोडलं, वाडाने अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी कॅसने चार वर्षांची बंदी घातली. माझ्या माहेरी, कोल्हापूरला, त्या रात्री घरचे सगळे जागे होते, भाऊ फोनवर नुसता तळमळत होता, ताई तुमच्याकडच्या त्या टीमसारखंच केलं की गं याचं. वाट तीच होती, हे खरं. देशातल्यांनी सोडायचं, वाडाने उचलायचं, कॅसने शिक्षा द्यायची. पण नरसिंगच्या बाबतीत निदान एवढं तरी माहीत होतं की शरीरात काय सापडलं. नाव होतं, मेथँडिएनोन. इकडच्या 34 जणांना शिक्षा झाली आणि तरीही त्यांना स्वतःला ठाऊक नाही की आत काय गेलं.

2016 चा सीझन आठवला की वाईट वाटतं. 34 पैकी अजून एसेंडनकडेच असलेले 12 खेळाडू बाहेर, म्हणून दहा बदली खेळाडू घ्यायची परवानगी मिळाली, रिटायर झालेले, दुसऱ्या क्लबांनी सोडलेले. जीलाँगकडून तीन विजेतेपदं जिंकलेला जेम्स केली त्यांच्यातलाच एक. दुसऱ्याच राउंडला या जमवाजमव केलेल्या टीमने मेलबर्न याच नावाच्या क्लबला हरवलं आणि लोकांनी जसा काही कपच जिंकलाय असा दंगा केला. मग 22 पैकी तीनच जिंकल्या, सगळ्यात शेवटचा नंबर, 1933 नंतर पहिल्यांदा. दुसऱ्या क्लबांत गेलेले पाच जणही बंदीत. त्यातला स्टुअर्ट क्रॅमेरी वेस्टर्न बुलडॉग्सचा. आणि नेमकं त्याच वर्षी बुलडॉग्सनी 1954 नंतरचा पहिला कप जिंकला. 62 वर्षं एका उपनगराने वाट बघितली आणि हा खेळाडू, जो आयुष्यभर याच एका दिवसासाठी पळाला असेल, तो त्या मैदानावर नव्हता. तुलना करायची तर सिडनीचा क्रोनुला बघा, रग्बी लीगचा क्लब, 2011 मध्ये डँक तिथेही होता. तिथल्या खेळाडूंनी 2014 मध्ये गुन्हा कबूल केला, बंदी मागच्या तारखेपासून धरली, प्रत्यक्षात काही आठवडेच बाहेर बसावं लागलं, आणि 2016 मध्ये तोच क्लब, तोच कॅप्टन पॉल गॅलन, पहिल्यांदा विजेता. एसेंडनची पोरं आम्ही काही चुकीचं केलं नाही म्हणून लढली, म्हणून वर्ष गेलं.

वॉटसन त्या वर्षी न्यूयॉर्कला गेला आणि एका कॅफेत कॉफी बनवायचं काम केलं. 2012 मध्ये त्याला ब्राउनलो मेडल मिळालं होतं, 30 मतं मिळवून, इथलं सगळ्यात मानाचं, आणि ते नुसतं चांगल्या खेळासाठी नसतं, सचोटीने खेळणाऱ्याला देतात. खेळाडूंनी स्विस कोर्टात केलेलं अपील ऑक्टोबर 2016 मध्ये फेटाळलं गेलं, आणि लीगने निर्णय घ्यायच्या आत नोव्हेंबरमध्ये वॉटसनने मेडल स्वतः परत केलं. ते त्या वर्षी मतांत त्याच्या मागोमाग असलेल्या ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल यांना दिलं. 2017 मध्ये परत आला, पहिल्याच मॅचला हॉथॉर्नला हरवलं, एमसीजीवर सगळं स्टेडियम उभं होतं, मी घरी उभी होते. सीझन संपल्यावर त्याने खेळ सोडला.

या सगळ्यात किती संस्था येऊन गेल्या बघा. लीगने विचारलं की खेळाचं नाव खराब झालं का. वाडाने विचारलं की यादीतलं रसायन दिलं का. फेडरल कोर्टाने विचारलं की चौकशी नियमात झाली का. त्या पोरांना जिथे कामाला ठेवलं ती जागा त्यांच्यासाठी सुरक्षित होती का, हा प्रश्न फक्त एकाच खात्याने विचारला, वर्कसेफ, जे कारखान्यात मशीनला गार्ड आहे का, मचाणावर दोरी आहे का हे बघतं. त्या कायद्याखाली क्लबने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी 2016 मध्ये, कॅसच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत, मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने दंड केला दोन लाख डॉलर. खेळाचं नाव बदनाम केल्याचा दंड 20 लाख, आणि माणसांच्या अंगात काय टोचलं ते सांगता न येण्याचा दोन लाख. पेपरात ती बातमी छोटी होती. मी ती कापून ठेवली आहे आणि आमच्याकडे नवीन मुली ट्रेनिंगला आल्या की दाखवते.

पुढे क्लबने सगळ्या खेळाडूंशी नुकसानभरपाईची तडजोड केली. फायनल्समधली एकही मॅच मात्र क्लबने 2004 नंतर हे लिहीपर्यंत जिंकलेली नाही, त्याचं एसेंडनवाल्यांना दुःख आहे, असावंच. मला त्या 34 जणांचं वाटतं. आता ते पस्तिशी-चाळिशीच्या आसपासचे, कुणाची मुलं शाळेत. उद्या त्यांच्यातला कुणी माझ्यासमोरच्या बेडवर आला तर ॲडमिशनच्या वेळी मला विचारावं लागेल, आधी कुठली औषधं, कुठली इंजेक्शनं घेतली होती का? तो खरं खरं सांगायला तयार असेल. क्लबने त्याला सांगता येईल असं काही दिलेलंच नाही. कुणाकडे अजून एखादी वही, एखादी फाइल, फोनमध्ये एखादा जुना फोटो असेल, तर तो वकिलांना नको, पेपरवाल्यांना नको, त्या पोरांच्या डॉक्टरांना द्या.